संघाचें नांव कसें ठेवावें?

(नभोवाणीवरील भाषण)



मुलाच्या बारशाच्या वेळीं आपल्या घरांत केवढा विचार होतो! पंचांग उघडून अक्षर काढलें जातें, आजोबा-पणजोबांच्या नांवांची आठवण निघते, आणि शेवटीं आत्याबाई बाळाच्या कानांत नांव सांगतात. त्याच घरांतील मोठा मुलगा गल्लींतील सोबत्यांना जमवून क्रिकेटचा किंवा कबड्डीचा संघ काढतो, तेव्हां मात्र नांवाचा विचार स्पर्धेच्या आदल्या रात्रीं, प्रवेशपत्रिकेवरील रिकामी ओळ भरतांना होतो. एक सुचवितो ‘वॉरियर्स’, दुसरा म्हणतो ‘किंग्ज’, तिसरा ‘रायडर्स’. त्याच्या आधीं गांवाचें नांव जोडलें कीं काम झालें. शेजारच्या तालुक्यांतील मुलांनींहि तेंच केलेलें असतें. मग मैदानावर या बाजूलाहि राजे आणि त्या बाजूलाहि राजे, अशी मौज होते.

या विषयावर आपला थोडा वेळ घेण्याचें कारण असें कीं, खेळाडू येतात आणि जातात, नांव मात्र मागें राहतें. गणवेष बदलतो, मैदान बदलतें, मालकहि बदलतो. पन्नास वर्षांनंतर नातवाला आजोबा जें सांगतात तें नांवच असतें. तेव्हां आपल्या भूमीची आणि तिच्या वारशाची ओळख पटविणारें नांव निवडावयाचें तर तें कशावरून निवडावें, याचा विचार आपण प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींच्या आधारें करूं.

संघाच्या नांवाला दोन कामें असतात. पहिलें काम सोपें आहे; एका संघाला दुसऱ्यापासून वेगळें ओळखणें. दुसरें काम अधिक नाजूक आहे. मैदानाभोंवतीं उभ्या असलेल्या हजारों माणसांपैकीं ‘आपला’ म्हणून त्या संघाकडे कोणीं पाहावें, हें तें नांव सांगत असतें. या दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, तें पाहण्यासाठीं आपल्याला मुंबईच्या बाहेर जावयास नको.

१८९२ मध्यें मुंबई इलाख्यांत युरोपियन विरुद्ध पारशी असे क्रिकेटचे सामने सुरू झाले. १९०७ मध्यें त्यांत हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्यें मुसलमानांचा आला, आणि १९३७ मध्यें पांचवा संघ आला. या पांचव्या संघांत हिंदी ख्रिस्ती, बौद्ध, ज्यू वगैरे जे कोणी उरले होते ते घेतलेले असत, आणि त्याचें नांव होतें ‘द रेस्ट’. मराठींत सांगावयाचें तर ‘बाकीचे’. सामन्यांना गर्दी लोटे, खेळहि उत्तम होई, यांत शंका नाहीं. पण संघांचीं नांवें धर्मावरून पडल्यामुळें एकाच चाळींत शेजारीं शेजारीं राहणारीं दोन घरें सामन्याच्या दिवशीं दोन बाजूंना उभीं राहात. १९४० मध्यें गांधीजींनीं या स्पर्धेविषयीं आपली नापसंती उघड बोलून दाखविली, आणि १९४६ मध्यें ती स्पर्धा बंद झाली.

बरें, नांवानें ज्यांना आंत घेतलें होतें त्यांना तरी तें पुरतें आंत घेत होतें काय? हिंदु संघाचे थोर डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर हे चर्मकार समाजांतील. १९११ मध्यें हिंदी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. परंतु त्याआधीं पुण्याच्या क्लबांत खेळत असतां मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले, आणि चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. हिंदु संघाचें नायकपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. तो मान त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना १९२३ मध्यें मिळाला. नांवानें दिलेलें वचन आचरणांत उतरावयास किती वर्षें लागतात, याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दुसऱ्या एका खेळाडूकडे पाहूं. विजय हजारे हे सांगलीस १९१५ मध्यें जन्मलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ. १९४३ च्या अखेरीस पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत ते हिंदूंविरुद्ध खेळले, तेव्हां त्यांच्या संघाचें नांव ‘बाकीचे’ असें होतें. त्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावांत एकूण ३८७ धांवा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. ज्या माणसानें एवढा भार एकट्यानें उचलला, त्याची ओळख उरलेल्यांपैकीं एक, इतकीच! याच हजाऱ्यांनीं त्याआधीं, १९३९-४० च्या मोसमांत, रणजी करंडकाच्या सामन्यांत पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या होत्या. त्या वेळीं त्यांच्या संघाचें नांव होतें ‘महाराष्ट्र’. संघनायक होते प्रोफेसर दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक. त्या वर्षीं आणि पुढच्या वर्षींहि महाराष्ट्रानें करंडक जिंकला. माणूस तोच, बॅट तीच. पण एका नांवाखालीं तो उरलेल्यांतला ठरला, आणि दुसऱ्या नांवाखालीं संस्कृतच्या प्राध्यापकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला महाराष्ट्रीय ठरला.

भूमीच्या नांवाचा मोठेपणा तो हाच. धर्म, जात आणि कूळ हीं जन्मानें मिळतात, तीं बाहेरच्याला घेतां येत नाहींत. गांवाचा माणूस मात्र तेथें राहून, तेथें राबून आणि तेथल्यांसाठीं खेळून होतां येतें.

याची साक्ष बडोद्याच्या मैदानानें दिली आहे. मार्च १९४७ मध्यें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत बडोदें आणि होळकर हे संघ समोरासमोर आले. हजारे तोंवर बडोद्याकडे गेले होते. त्यांनीं आणि गुल महंमद यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धांवांची भागी केली; हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमदांच्या ३१९. जगांतील कोणत्याहि गड्यासाठीं झालेली ती सर्वांत मोठी भागी म्हणून २००६ पर्यंत गणली जात होती. देशाच्या फाळणीला पांच महिने उरले होते. अशा दिवसांत सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरकडचा एक मुसलमान तासन् तास एकमेकांना हांक देत धांवत होते, आणि दोघेहि ‘बडोदें’ होते. गुल महंमद पुढें पाकिस्तानांत गेले, १९५६ मध्यें त्या देशाकडून एक कसोटी सामनाहि खेळले. तरी बडोद्याच्या इतिहासांतून त्यांचें नांव काढतां येणार नाहीं.

या सामन्यांतील दोन नांवांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बडोदें हें शहराचें नांव, होळकर हें राजघराण्याचें. होळकरांचा संघ काहीं कमी नव्हता, कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखालीं त्यानें वारंवार करंडक जिंकला होता. परंतु संस्थानें विलीन झालीं, आणि १९५५ नंतर होळकर हें नांव रणजी करंडकाच्या यादींतून गेलें. आज तें इंदूरच्या मैदानाला दिलेलें आहे. नवानगरनें १९३६-३७ मध्यें करंडक जिंकला होता. त्या संस्थानाचें नांवहि यादींत उरलें नाहीं, तो भाग आज सौराष्ट्र या नांवानें खेळतो. बडोद्याचा राजाहि गेला, परंतु संघाच्या नांवांत गांव होतें, राजा नव्हता. म्हणून बडोद्याचा संघ आजहि त्याच नांवानें खेळत आहे.

राजे गेले, त्यांच्या जागीं आतां मालक आले आहेत. हैदराबादच्या संघाचें नांव २००८ मध्यें ‘डेक्कन चार्जर्स’ होतें. त्यांत दख्खन होतें. २०१२ नंतर मालकी बदलली, आणि नव्या संघाच्या नांवांत नव्या मालकांच्या दूरचित्रवाणी-समूहाचा सूर्य उगवला. पुण्याच्या नांवानें त्याच स्पर्धेंत दोन संघ आले आणि कांहीं वर्षांत दोन्ही गेले. आज ते कोणत्या नांवानें खेळत होते तें चटकन् सांगणारा पुणेकर विरळा. पैसा घालणाऱ्याला मान मिळावा, हें रास्त आहे. परंतु जुन्या नांवावर त्याचा हक्क किती, हा प्रश्न कलकत्त्याच्या लोकांनीं चांगलाच सोडविला. मोहन बागान हा १८८९ मध्यें निघालेला फुटबॉलचा संघ. एका बागवाड्याच्या नांवावरून त्याचें नांव पडलें, आणि १९११ मध्यें त्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून ढाल जिंकली, तेव्हांपासून तें सबंध देशाचें झालें. २०२० मध्यें एका नव्या संघाशीं त्याचें एकीकरण होऊन त्याच्या नांवापुढें ‘एटीके’ हीं अक्षरें लागलीं. चाहत्यांनीं तीन वर्षें निषेध केला, आणि २०२३ मध्यें तीं अक्षरें काढावीं लागलीं. मालकांच्या पसंतीची एक जोड शेवटीं अद्याप आहे, पण नांवाचा आरंभ पुन्हां मोहन बागानपासूनच होतो.

त्याच शहरांत ‘ईस्ट बंगाल’ नांवाचा दुसरा मोठा संघ १९२० मध्यें निघाला. पूर्व बंगालमधून येऊन कलकत्त्यांत राहिलेल्यांचा तो संघ. १९४७ मध्यें तो प्रदेश दुसऱ्या देशांत गेला, लाखों लोक घरदार सोडून आले. त्यांच्या गांवांचे रस्ते, नद्या, घाट हें सारें सरहद्दीपलीकडे राहिलें; पण शनिवारीं-रविवारीं मैदानावर जाऊन त्या भूमीचें नांव मोठ्यानें घेण्याची सोय या संघानें ठेविली. नांवाचें सामर्थ्य किती, हें याहून निराळें सांगावयास नको.

येथें कोणी विचारील कीं, भूमीचें नांव म्हणजे केवढ्या भूमीचें? आपल्या एका राज्यांतच रणजी करंडकासाठीं मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें. क्रिकेटच्या संघानें तें नांव त्याच्या पाव शतक आधींपासून धारण केलेलें होतें. विदर्भ हें नांव तर रुक्मिणी आणि दमयंती यांच्या कथांपासून चालत आलेलें. त्या नांवाच्या संघानें २०१७-१८ मध्यें प्रथम करंडक जिंकला, तेव्हां नागपुरापासून बुलढाण्यापर्यंत आनंद झाला. यावरून दिसेल कीं, नांवाची भूमि लहान कीं मोठी हा मुख्य प्रश्न नव्हे. त्या भूमींतील माणसें एरवींच्या बोलण्यांत तें नांव आपलें म्हणून घेतात कीं नाहीं, हें पाहावयाचें.

लहान भूमीचें सुंदर उदाहरण कोल्हापुरांत आहे. तेथें फुटबॉलचें वेड फार जुनें आहे, आणि संघांचीं नांवें ऐकलीं तर परक्या माणसाला नवल वाटतें: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. खेळ विलायती, नांव तालमीचें! राजर्षि शाहू महाराजांनीं कुस्तीला जो आश्रय दिला, त्यामुळें पेठेपेठेंतील तालीम हें तरुणांच्या एकत्र येण्याचें ठिकाण झालेलें होतें. फुटबॉल आला तेव्हां मुलांना नांव शोधावें लागलें नाहीं. ज्या लाल मातींत त्यांचे वडील घुमले होते, तिचेंच नांव त्यांनीं चेंडूला दिलें. वारसा सांगण्याची याहून सरळ रीत मला ठाऊक नाहीं.

दुसरी रीत इंग्लंडांत दिसते, ती धंद्याच्या नांवाची. आर्सेनल हा संघ १८८६ मध्यें वूलिचच्या तोफखान्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं काढला. त्याला लोक आजहि ‘तोफवाले’ म्हणतात. ल्यूटन हें टोप्यांचें गांव, म्हणून तेथला संघ ‘टोपीवाले’. नॉर्दॅम्प्टन हें जोड्यांचें गांव, म्हणून तेथल्या संघाचें लाडकें नांव ‘कॉबलर्स’, म्हणजे चांभार. गांवचा डॉक्टर, वकील, पाद्री, सारे त्या नांवानें गर्जना करतात, आणि कोणालाहि त्यांत कमीपणा वाटत नाहीं. बाळू पालवणकरांच्या चहाच्या भांड्याची गोष्ट आठवून हें उदाहरण आपण मनाशीं घोळवावें. सोलापूर, इचलकरंजी आणि येवलें येथील माग, भंडाऱ्याचें पितळ, कोंकणचे खलाशी, हे काय थोडे अभिमानाचे विषय आहेत? ज्या श्रमावर गांव जगतें, त्याचें नांव गणवेषावर मिरविण्याइतकें आपलें मन मोठें झालें, तर तो दिवस करंडक जिंकल्याच्या दिवसापेक्षां थोर मानावा लागेल.

वारशाचें नांव घेतांना एक सावधगिरी मात्र ठेविली पाहिजे. वारसा खरोखर आपला आहे कीं दुसऱ्याचा उचलला आहे? अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहराच्या बेसबॉल संघाचें नांव १९१५ पासून ‘इंडियन्स’ असें होतें. तें त्या देशाच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेलें. बोधचिन्ह म्हणून त्यांचें दांत विचकणारें विनोदी चित्रहि वापरीत. त्या रहिवाशांनीं वर्षानुवर्षें तक्रार केली कीं, आमची जमीन गेली, आतां आमचें तोंडहि तुम्ही खेळणें करूं नका. अखेर २०२१ च्या मोसमानंतर संघानें तें नांव टाकलें. नवें नांव कोठून आणिलें? मैदानाजवळच १९३२ मध्यें खुला झालेला एक पूल आहे. त्याच्या स्तंभांवर दगडांत कोरलेले भव्य राखणदार असून त्यांच्या हातांत बैलगाडीच्या काळापासून मोटारीपर्यंतचीं वाहनें दिलेलीं आहेत. त्या राखणदारांवरून संघाचें नांव ‘गार्डियन्स’ झालें. लोक रोज ज्या मूर्तींखालून कामावर जात होते, त्यांच्याकडे त्यांनीं प्रथमच मान वर करून पाहिलें असेल!

आतां या सर्वांवरून कांहीं व्यवहाराच्या कसोट्या सांगतों.

पहिली कसोटी हांकेची. नांव मैदानाच्या पलीकडच्या टोंकापर्यंत ओरडून पोंचलें पाहिजे. २०१४ मध्यें व्यावसायिक कबड्डीची स्पर्धा सुरू झाली, तिच्यांतील ‘पुणेरी पलटण’ हें नांव पाहा. ‘पुणेरी’ हा शब्द लोकांच्या तोंडचा. पलटण हा शब्द मूळचा परका खरा, पण घरांतल्या पोरांच्या घोळक्यालाहि आपण पलटणच म्हणतों. ‘यू मुंबा’ या नांवांतील ‘यू’ सोडला, तर मुंबादेवी, जिच्यावरून शहराचें नांव पडलें, ती दोन अक्षरांत उभी राहते.

दुसरी कसोटी सत्याची. नांवांतील वस्तु गांवांत असली पाहिजे. नदी, गड, घाट, पीक, धंदा, तालीम, जुनें ग्रामनाम, यांतलें कांहीं तरी बोटानें दाखवितां यावें. ज्या गांवीं वाघ कधीं फिरकला नाहीं, तेथें वाघ कशाला?

तिसरी कसोटी पराभवाची. हिचा विचार कोणी करीत नाहीं. जो संघ आज जिंकतो तो उद्यां हरतो. पूज्य पुरुषांचीं आणि संतांचीं नांवें संघाला दिलीं, तर दुसऱ्या दिवशीं ‘अमुक महाराज दहा गुणांनीं पराभूत’ असें छापून येतें, आणि विरुद्ध पक्षाचे लोक त्या नांवाची टिंगल करतात. ज्यांचा मान राखावयाचा, त्यांना गुणफलकावर चढवूं नये. सह्याद्रि किंवा गोदावरी हरली तरी लहान होत नाहीं.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, ती हक्काची. नांव ठरविण्यापूर्वीं गांवाच्या कडेला राहणाऱ्याला, वेगळ्या धर्माच्या घराला, काल-परवां कामासाठीं येऊन राहिलेल्या कुटुंबाला विचारावें कीं, या नांवानें तुम्हांला हांक मारली तर तुम्ही ‘ओ’ द्याल काय? आणि मुलींनाहि विचारावें. तेंच नांव मुलींच्या संघाला शोभलें पाहिजे. २०२३ मध्यें स्त्रियांची मोठी क्रिकेट-स्पर्धा सुरू झाली, तेव्हां मुंबईच्या मुली पुरुष-संघाच्याच नांवानें उतरल्या आणि पहिल्याच वर्षीं जिंकल्या. नांव ‘मर्द’ किंवा ‘पहिलवान’ असें असतें, तर तें त्यांच्या अंगावर उसन्या कपड्यासारखें लोंबलें असतें.

शाळेंत चाळीस-एक वर्षें हजेरी घेतांना माझ्या एक गोष्ट ध्यानांत आली. नांव नीट उच्चारून हांक मारली कीं मागच्या बांकावरचा मुलगासुद्धां ताठ बसतो. गांवाचेंहि तसेंच आहे. आपलें खरें नांव ऐकलें कीं, ज्यांना आजवर कोणीं विचारलें नव्हतें ते लोक मैदानाकडे येऊं लागतात. त्यांना बसावयास जागा आणि सर्वांबरोबर एकाच भांड्यांतला चहा मिळाला, म्हणजे नांव ठेवण्याचें काम पुरें झालें असें समजावें. पुढें जिंकणें-हरणें हें खेळाडूंच्या हातीं.